तिखट सोसेना झालं तेव्हा

कोल्हापूरच्या माणसाला तिखट सोसेनासं झालं, तर तो ते सहजासहजी कबूल करत नाही. पंगतीत त्याचा हात तांबड्याऐवजी पांढऱ्या रश्श्याकडे जायला लागतो. मिसळ मागवताना "कट जरा कमी टाक" हे तो हळू आवाजात सांगतो. घरच्या कांदा-लसूण चटणीचा घास घेतला की डोळ्यांत पाणी येतं. बायकोनं विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं: "जरा उष्णता झालीया, दुसरं काय न्हाई." मग गुलकंद, साजूक तूप, ज्येष्ठमधाची काडी, तुरटीच्या गुळण्या आणि शेवटी मेडिकलच्या काउंटरवरून मागून घेतलेली बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. चार दिवस बरं वाटतं, आठवड्यानं पुन्हा तेच. असे सहा-सहा महिने निघून जातात.

यातल्या बहुतेकांचं काही बिघडत नाही, कारण त्यांच्या तोंडात साधा व्रण असतो. बाकीच्या थोड्यांना मात्र हे सहा महिने फार महागात पडतात. साधा व्रण कोणता आणि काळजीचा कोणता, हे ओळखायला फारसं वैद्यकीय ज्ञान लागत नाही. कॅलेंडर, आरसा आणि स्वतःच्या सवयींबद्दल थोडा प्रामाणिकपणा पुरतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड.

आधी मिरचीला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडवू. मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना जाऊन चिकटतं. तोंडाचं तापमान तसूभरही वाढलेलं नसतं, पण मेंदूला निरोप जातो की भाजतंय. हा निरोप कसा जातो हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. मिरची जखम दाखवते, करत नाही. तोंडाच्या कर्करोगाची जी कारणं पक्की ठरली आहेत, त्यांत तिचं नाव नाही. वर्षानुवर्षं झणझणीत खाणाऱ्याला एकाएकी मऊ भाजीही झोंबायला लागली, तर भाजी तीच आहे, तोंडाचं अस्तर बदललं आहे. ते कशानं बदललं, हा खरा प्रश्न. "उष्णता" या उत्तरानं तो विचारायचाच राहून जातो.

आता नेहमीचा व्रण. वैद्यकात त्याला ॲफ्थस अल्सर म्हणतात. साधारण पाचातल्या एकाला तो आयुष्यात कधी ना कधी होतो, आणि अनेकांना शाळेच्या वयापासून पुनःपुन्हा होत राहतो. ओठाच्या आतल्या बाजूला, गालात किंवा जिभेखाली, म्हणजे अस्तर जिथे मऊ असतं तिथे, वाटोळा, उथळ, पिवळसर तळाचा खड्डा पडतो आणि त्याभोवती लाल कडं उमटतं. आकार बहुधा एक सेंटिमीटरच्या आतला. दुखतो मात्र आकाराला न शोभेल इतका. सात ते चौदा दिवसांत आपोआप भरतो, खूण ठेवत नाही. काही महिन्यांनी दुसरा येतो तो दुसऱ्या जागी. याचा एक मोठा भाऊही असतो, सेंटिमीटरहून मोठा, काही आठवडे रेंगाळणारा आणि जाताना वण ठेवणारा. पण तो विरळा.

हे व्रण कर्करोगात बदलत नाहीत. ज्यांना दर दोन महिन्यांनी तोंड येतं ते आतून घाबरलेले असतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं: वीस वर्षं असे व्रण येत असले तरी त्यांतून कर्करोग होतो असं नाही. मात्र ते वारंवार का येतात हे पाहायला हवं. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांची कमतरता ही नेहमीची कारणं, आणि रक्ताच्या साध्या तपासणीत ती कळतात. क्वचित आतड्याचा एखादा आजार त्यामागे असतो. काही औषधांनीही तोंडात व्रण पडतात: संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट, हृदयरोगासाठी दिलं जाणारं निकोरँडिल. जागरण, मानसिक ताण, पाळीच्या आधीचे दिवस, टूथपेस्टमधलं फेस आणणारं रसायन, यांचीही त्यात भर पडते. मेडिकलमधल्या बी-कॉम्प्लेक्सबद्दल माझी तक्रार एवढीच की ती तपासणीच्या जागी येऊन बसते. रक्तात लोहच नसेल, तर ती गोळी तरी काय करणार?

याच ठिकाणी एक विचित्र गोष्ट घडते आणि तिनं बरेच लोक फसतात. तंबाखू सोडली की पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना तोंडात व्रण येतात. कारण असं की, तंबाखूच्या सततच्या माऱ्यानं तोंडाचं अस्तर जाड आणि निबर झालेलं असतं. मारा थांबला की ते पुन्हा मऊ व्हायला लागतं आणि साध्या व्रणांना जागा मिळते. म्हणजे तोंड सुधारत असल्याची ही खूण असते. पण टपरीवरचा मित्र सांगतो, "बघ, सोडलीस आणि तोंड आलं. सुरू कर, जाईल." सुरू केल्यावर व्रण खरोखर जातात, आणि तंबाखू औषधी असल्याची साक्ष आणखी एका माणसाला मिळते.

काळजीचा व्रण वेगळा वागतो. तो जागा बदलत नाही. दोन आठवडे झाले, तीन झाले, तरी तिथेच. कडा उचललेल्या, बोटाला टणक लागणाऱ्या. तळ खडबडीत, हात लागला की रक्त येणारा. आणि सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. सगळा घोळ इथेच होतो. दुखतं ते गंभीर आणि दुखत नाही ते किरकोळ, हा आपला नेहमीचा हिशेब तोंडाच्या आत उलटा पडतो. जीव नकोसा करणारा वाटोळा फोड आठवड्यात जातो, आणि कधीच न दुखलेली गालफडातली जखम जबडा पोखरते. दुखायला लागेपर्यंत रोग बराच आत गेलेला असतो. मग कान ठणकतो, गिळताना त्रास होतो, दात हलायला लागतात, मानेत गाठ येते.

म्हणून नियम दिवसांचा आहे, दुखण्याचा नाही. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवायची. तीन आठवड्यांनंतरही टिकून असेल, तर तिचा तुकडा तपासायचा. दातांची तुटकी कड किंवा सैल झालेली कवळी एकाच जागी घासत असेल, तरी व्रण पडतो. तेव्हा डॉक्टर आधी दात घासून गुळगुळीत करतात, कवळी काढून ठेवायला सांगतात आणि पंधरा दिवसांनी परत बोलावतात. ही परतीची फेरी चुकवणारे पुष्कळ असतात, कारण तोवर टोचणं थांबलेलं असतं आणि माणूस समाधानानं कामाला लागलेला असतो. पण दातानं झालेली वाटणारी जखम खरोखर दाताचीच होती का, हे त्या फेरीतच ठरतं.

जागाही बरंच सांगते. युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग बहुधा जिभेवर किंवा जिभेखाली आढळतो. आपल्याकडे तो सर्वांत जास्त सापडतो खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत, आणि वैद्यकात त्याला भारतीय तोंडाचा कर्करोग असंच म्हटलं जातं. तंबाखूचा बार धरायची जागा तीच. उजव्या गालात पुडी ठेवणाऱ्याचा रोग बहुधा उजव्याच गालात असतो.

भारतात २०२२ या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि जवळपास ८० हजार माणसं गेली, असा जागतिक कर्करोग नोंदीचा अंदाज आहे. जगातल्या अशा रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात. पुरुषांत तर हा आपल्याकडचा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग.

कोल्हापूरच्या भोवतीचा मुलूख तंबाखूला फार जुना ओळखतो. अकबराचा वकील असद बेग सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी आदिलशाहीच्या विजापुरात आला होता. उत्तरेत नवलाची वाटणारी तंबाखू त्याला इथे सापडली आणि ती तो बादशहासाठी भेट म्हणून घेऊन गेला. दरबारच्या हकिमानं तेव्हाच हरकत घेतली होती. पुढे निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ झाली. तिच्या वखारींत या भागातल्या हजारो बायकांची आयुष्यं गेली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. ज्या पिकासाठी माणसं रस्त्यावर जीव देतात, त्या पिकाविरुद्ध त्याच मुलखात बोलणं सोपं नसतं. आरोग्याच्या भाषणांत हा भाग बहुधा गाळलेला असतो.

पण महाराष्ट्रात धुरापेक्षा चघळणं कितीतरी मोठं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखू घेत असल्याचं सांगितलं, तर ओढणारे होते ३.८ टक्के. सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रांनी हादरून जाणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला हे आकडे उलटे वाटतात. हातावर मळलेली चिमूट, गाय छापची पुडी, चुन्याची डबी, आणि आता टपरीटपरीवर मिळणारा मावा. खांडलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घेऊन तळहातावर रगडायचा आणि गालात सारायचा. इचलकरंजीच्या मागांवरची रात्रपाळी, शिरोलीच्या फौंड्रीतली भट्टी, शिरोळच्या उसातली तोड. झोप आणि भूक दोन्ही मारायला त्याच्याइतकं स्वस्त काही मिळत नाही. या माणसाला "वाईट सवय सोड" एवढंच सांगणाऱ्यानं एकदा त्याची पाळी करून बघावी.

चुना तिथे उगाच नसतो. चुन्यानं तोंडातला अल्कधर्म वाढतो, आणि तशा स्थितीत तंबाखूतलं निकोटीन मोकळं होऊन अस्तरातून झरझर रक्तात शिरतं. किक बसते ती चुन्यामुळे. पण तोच चुना अस्तर भाजतो, आणि भाजलेल्या जागेतून तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक द्रव्यं पेशींपर्यंत सहज पोचतात. दिवसातून दहा वेळा, एकाच जागी, वीस वर्षं.

बायकांची गोष्ट वेगळी आणि बरीचशी झाकलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या घराघरांत मिश्री लावली जाते. कुठे तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांवर घासायची. दात साफ करायचं निमित्त सकाळी एकदा असतं. मग दुपारी, संध्याकाळी, बाळंतपणातही. १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण ही बंदी कारखान्यातल्या डब्याला लागू. चुलीवरच्या तव्याला कोण विचारतो? दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "मावशी, तंबाखू खाता का?" मावशी मनापासून "नाही" म्हणतात. खोटं बोलत नाहीत त्या. त्यांच्या लेखी तंबाखू पुरुष खातात. "मिश्री लावता का?" असं विचारलं, तर पदराआडून हसू येतं आणि उत्तर मिळतं. महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, असं त्याच पाहणीत दिसलं.

आता सुपारी. या प्रकरणातला सगळ्यांत गैरसमजात गुंडाळलेला भाग हा.

"तंबाखू? छे! नुसती सुपारी हो," असं सांगणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. त्याचं तरी काय चुकलं? सुपारी पूजेत गणपती म्हणून मांडली जाते, लग्नाच्या बोलणीत येते, हळदी-कुंकवाला पानासोबत हातावर ठेवली जाते, जेवणानंतर बडीशेपेबरोबर लहान मुलांनाही मिळते. देवापुढची वस्तू अपाय करील, हे मनाला पटत नाही. पण फ्रान्समधल्या ल्योन इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, जी जगभरचे पुरावे तपासून कर्करोगाची कारणं ठरवते, तिनं २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही पहिल्या गटात घातलं. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेले पदार्थ. तंबाखू आणि दारू तिथेच आहेत.

सुपारी जे करते ते हळू आणि वेगळ्या तऱ्हेनं करते. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र कडकपणा पाहिला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू आणि घशाच्या कमानी आखडलेले रुग्ण नोंदवले आणि या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. आज जगभरचे डॉक्टर तेच नाव वापरतात. अस्तराखालच्या थरात कोलॅजेनचे धागे साचत जातात आणि लवचीक गाल कडक होतो. सुपारीतलं आरेकोलिन पेशींना हे धागे जास्त बनवायला लावतं. सुपारीत तांब्याचं प्रमाण बरंच असतं. ते तांबं धागे एकमेकांत विणणाऱ्या विकराला जोर देतं. आणि तिच्यातलं टॅनिन त्या धाग्यांना इतकं चिवट करतं की शरीराला ते मोडता येत नाहीत. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. त्या सालीतही टॅनिनच असतं. सुपारी खाणाऱ्याचा गाल आतून कमावला जात असतो.

त्याची पहिली खूण कोणती? तिखट सोसेनासं होणं. तोंडात जळजळ, मधूनमधून बारीक फोड, लाळ सुटणं किंवा तोंड कोरडं पडणं. मग अस्तर पांढुरकं, संगमरवरासारखं दिसायला लागतं. गालात बोट फिरवलं की उभे पट्टे जाणवतात. शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही, जीभ बाहेर पुरती येत नाही. शेवटी तोंडच उघडेनासं होतं. भाकरीचा घास, वडापाव, पाणीपुरीची पुरी आत जात नाही. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी मावतात. दोनच मावत असतील, तर उशीर व्हायला लागला आहे, आणि एकच मावत असेल, तर बराच झाला आहे. पूर्वी हा आजार वर्षानुवर्षं पान खाणाऱ्यांत दिसायचा. पुड्या आल्यापासून विशीतली कॉलेजची पोरं दोन बोटांवर आलेली दिसतात. पानात सुपारी थोडी आणि पानाचा रस बराच. पुडीत कोरडी सुपारीच बहुतेक.

हा आजार म्हणजे कर्करोग नव्हे. पण त्याच्यातून कर्करोगाकडे जाणारी वाट आहे. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर सतरा वर्षं नजर ठेवली गेली. त्यांतल्या पाचांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, कर्करोग झाला. सुपारी सोडल्यानं साचलेले धागे नाहीसे होत नाहीत, हे सांगताना जीभ अडखळते. पण वाढ थांबते, जळजळ बरीच कमी होते, व्यायामानं आणि औषधांनी तोंड थोडं मोकळं करता येतं. न सोडता घेतलेल्या इंजेक्शनांचा पैसा मात्र वाया जातो.

आरशात आणखी दोन रंग ओळखायला हवेत. पहिला पांढरा: पुसून न जाणारा चट्टा, बहुधा बार ठेवायच्या जागी. अशा चट्ट्यांपैकी थोड्यांतच पुढे कर्करोग होतो, आणि तंबाखू थांबवली की काही चट्टे विरूनही जातात. दुसरा लाल: मखमली, सपाट, काही न दुखणारा. हा पांढऱ्यापेक्षा दुर्मीळ आणि कितीतरी घातक. शेफर आणि वॉल्ड्रन यांनी १९७५ साली अशा ६५ लाल चट्ट्यांचे तुकडे तपासले. निम्म्याहून अधिकांत कर्करोग आधीच शिरलेला होता, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक त्याच्या उंबरठ्यावर होते. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले दिसले, तर पंधरवड्याचीही वाट पाहू नये.

दारू आणि तंबाखू एकत्र आल्या की धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. एवढं सांगून पुढे जातो.

सरकारनं काय केलं, हे इथे सांगायला हवं, कारण त्यात कोल्हापूरकरांना परिचित नाव आहे. २००२ साली महाराष्ट्रानं गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोडावत पान मसाला या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात ती रद्द ठरवली. मुद्दा अधिकाराचा होता: भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याच्या अधिकाऱ्याला अशी बंदी घालता येत नाही. पुढे नवा अन्नसुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांत कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन नको, असं कलम आलं. त्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानं गुटखा आणि पान मसाला दोन्हींवर बंदी आणली. टपरीवाल्यांनी आणि कंपन्यांनी उत्तर लगेच शोधलं. मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. मिसळणारा हात गिऱ्हाइकाचा. मावा तर टपरीवरच रगडला जातो, त्याला ना कंपनी ना छाप. बंदी निरुपयोगी होती असं मी म्हणणार नाही. झगमगत्या पुड्यांच्या माळा शाळेसमोरून कमी झाल्या, हे थोडं नाही. पण कायद्यानं जबडे वाचतील अशी आशा धरून बसणं मला भाबडेपणाचं वाटतं.

जबडे वाचवण्याचा एक स्वस्त मार्ग मात्र सिद्ध झालेला आहे. केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ पंचायती निवडून काहींत घरोघरी तोंडाची तपासणी झाली, काहींत नाही. तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कर्मचारी होते. हत्यार म्हणजे डोळे आणि उजेड. रंगस्वामी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली निष्कर्ष जाहीर केले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. याच धर्तीवर आज तिशीच्या पुढच्या सर्वांचं तोंड आरोग्य केंद्रात पाहायचं, असा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई अर्ज घेऊन दारात येते, तेव्हा आपण रक्तदाब आणि साखर आनंदानं तपासून घेतो. तोंड उघडायची वेळ आली की पुरुष हसण्यावारी नेतात. ज्याला ती जागा दाखवायची नसते, त्याच्याच तोंडात ती असते.

घरी पाहायचं असेल तर दिवसाच्या उजेडात, चूळ भरून, कवळी असेल तर काढून. ओठ उलटवून आतली बाजू. गाल बोटानं ओढून अगदी मागच्या दाढेपर्यंत. खालच्या हिरडीची खोबण दोन्हीकडे. जीभ रुमालात धरून तिच्या दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून खालची जागा. मान मागे टाकून टाळू. दिसण्याइतकंच बोटाला काय लागतं तेही महत्त्वाचं. मऊ अस्तरात मध्येच टणक काही लागलं, तर ते सांगण्यासारखं आहे. शेवटी जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवायची.

कुठे जायचं? जवळचा दातांचा डॉक्टर हा उत्तम पहिला दरवाजा. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात दंत आणि कान-नाक-घसा विभाग आहेत. नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. तिथे तुकडा काढतात. जागा बधिर करून, तांदळाच्या दाण्याएवढा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. याच पायरीवर गावाकडचे शहाणे आडवे येतात: "सुरी लागली की पसरतो." हा समज इतका पक्का आहे की त्यापायी माणसं तुकडा न काढता लेप लावणाऱ्याकडे महिनोन् महिने जातात. तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही. तुकडा काढल्यानंतर पसरलेला दिसतो, कारण तोवर फार दिवस गेलेले असतात आणि रोगाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कानांवर पडलेलं असतं.

लवकर म्हणजे किती फरक, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या एका अभ्यासात नेमकं दिसतं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण घेतले ज्यांचा रोग लहान होता आणि मानेत हाताला गाठ लागत नव्हती. निम्म्यांची मान तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच साफ केली, उरलेल्यांची मानेत गाठ आल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरची पद्धत बदलली. लवकर सापडलेल्या तोंडाच्या कर्करोगात दहापैकी आठ माणसं तीन वर्षांनी हिंडती-फिरती असू शकतात. पण आपल्याकडचे बहुतेक रुग्ण दवाखान्यात पोचतात ते तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात.

सार्वजनिक जीवनातली दोन नावं या भागात सगळ्यांना ठाऊक आहेत. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन दशकं ते राजकारणात आहेत आणि जुन्या सवयीबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवतात. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजारानं गेले, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्या आठवड्यात अनेकांनी पुड्या फेकल्या. त्यांतल्या किती पुड्या पुन्हा खिशात आल्या, हे टपरीवाल्यांना विचारावं.

सोडणं इच्छाशक्तीनं होतं असं म्हणणाऱ्यांना निकोटीन माहीत नसावं. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं ठरलेलं. दोन-तीन आठवड्यांनी जोर ओसरतो. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे आणि पलीकडे समुपदेशक असतात. निकोटीनचं च्युइंग गम डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेता येतं. तंबाखू सोडून "नुसत्या सुपारीवर" येणं म्हणजे सोडणं नव्हे, हे आता वेगळं सांगायला नको. खर्चाची भीती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं.

उपचारांनंतरची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. गालाचा भाग काढला, तर छातीची किंवा हाताची त्वचा तिथे बसवतात. जबड्याचं हाड काढावं लागलं, तर पायाच्या नळीतलं एक हाड घेऊन जबडा घडवतात. किरणोपचारांनंतर तोंड पुन्हा आखडतं, म्हणून रुग्णाला आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायला शिकवतात. आज दहा काड्या, आठवड्यानं अकरा. आणि ज्या अस्तरावर वीस वर्षं तंबाखू-चुना खेळला, ते एका जागचं कापून टाकलं तरी बाकीचं अस्तर तेच असतं. नवा, वेगळा कर्करोग दुसऱ्या जागी उगवू शकतो. परतणारा रोग बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. बरा झालेला गाल पाहून झाला की तपासणारा दुसरा गाल ओढून पाहतो, जिभेच्या कडा पाहतो, मान चाचपतो, आणि पुडी बंद आहे का ते रुग्णाला न विचारता त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला विचारतो.